भाईसाहबांचा राजीनामा

लखनौत माणसं भांडत नाहीत, हे मला पहिल्या वर्षी फार आवडलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याचाच राग येऊ लागला. मी कोल्हापूरची. आमच्याकडे गिऱ्हाईक आधी चार गोष्टी सुनावतं आणि मग दुसऱ्या दुकानात जातं. निदान काय बिघडलंय ते कळतं तरी. इथलं गिऱ्हाईक चहा घेतं, घरच्यांची विचारपूस करतं, ‘देखते हैं’ म्हणून उठतं आणि परत फिरकत नाही.

नवरा रेल्वेत इंजिनीअर. त्याची बदली लखनौला झाली तेव्हा मी पुण्यात लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत होते. कंपनीची लखनौला छोटी ब्रँच होती, खंगत चाललेली. साहेब म्हणाले, जातेच आहेस तर ती सांभाळ. सांभाळ म्हणजे काय, ते त्यांनी स्टेशनवर पोचवायला आल्यासारखं शेवटच्या मिनिटाला सांगितलं: दोन वर्षांनंतरच्या दिवाळीपर्यंत सुधारलं नाही तर ब्रँच बंद, आणि सगळं काम तिथल्याच एखाद्या ठेकेदाराला.

ऑफिस हज़रतगंजच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर होतं. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. वर येणारा प्रत्येक पाहुणा धापा टाकत यावर विनोद करायचा आणि मी प्रत्येक वेळी हसायचे.

कंप्लेंटच्या फोनवर भाईसाहब बसत. पन्नाशी उलटलेले, पांढराशुभ्र शर्ट, बोलण्यात अशी अदब की समोरच्यानं नकळत आपली कॉलर नीट करावी. सगळं ऑफिस त्यांना भाईसाहबच म्हणायचं आणि पंधरवड्यात मीही म्हणू लागले. फोन आला की ते आधी तब्येत विचारत, मग लिफ्ट. आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य: “बस, पहुँच ही रहा है, हुज़ूर.” पोचणारा मेकॅनिक तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठल्या तरी लिफ्टच्या मोटरमध्ये हात घालून बसलेला असायचा. बोलाचाच भात, बोलाचीच कढी. पण वाढणारा असा की जेवणाऱ्याला ढेकर यावी.

मग दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये गोमतीपलीकडच्या एका अपार्टमेंटमध्ये एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या. शाळेतून रिटायर झालेल्या बाई, एकट्या राहणाऱ्या. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट थांबली, पंखा बंद. आमचा मेकॅनिक शहराच्या दक्षिण टोकाला. तो ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत तासाच्या वर गेला आणि तो सगळा वेळ भाईसाहब आजींशी मोबाइलवर बोलत होते. त्यांच्या शाळेबद्दल विचारलं, नातवंडांबद्दल विचारलं, लोणच्यात मोहरी किती घालायची तेही विचारून घेतलं. मधे मधे सांगत राहिले, मेकॅनिक चौकात आला, मेकॅनिक गेटवर आला, मेकॅनिक जिन्यात आहे. मेकॅनिक तेव्हा नदीसुद्धा ओलांडून आलेला नव्हता.

मी समोर बसून ऐकत होते. मला त्यांचा राग येत होता आणि त्याच वेळी वाटत होतं, मी अडकले तर फोनवर हाच माणूस असावा.

आजींनी दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू पाठवले, भाईसाहबांसाठी. ऑफिसनं ते मिटक्या मारत खाल्ले. लिफ्ट तासभर का अडकली, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आजींनीही नाही. फक्त त्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरींना मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी हसून सरबत दिलं आणि म्हणाले, “दिवाली पर कॉन्ट्रैक्ट खत्म हो रहा है न? देखते हैं.” देखते हैं म्हणजे नाही, इतकं लखनौ मला तोवर समजलं होतं. ती आमची सगळ्यात मोठी सोसायटी. ती गेली की पाठोपाठ बाकीच्या जाणार आणि ब्रँच त्यांच्यामागून.

तिथून परत येताना ऑटोत मी ठरवलं की आता बास. भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. ही बहीण आमच्या ऑफिसात खुर्ची टाकून बसली होती.

खरं तर आमच्याकडे माणसं कमी नव्हती. ती चुकीच्या जागी होती. उत्तरेला जानकीपुरममध्ये राहणारा मेकॅनिक रोज शहराच्या पार दक्षिणेला जायचा आणि दक्षिणेकडचा जानकीपुरमला यायचा. का, तर त्या त्या सोसायटीला ‘आपला’ माणूस हवा असायचा आणि नाही म्हणायची कुणाला सवय नव्हती. मी शहराचे भाग पाडले. ज्याचं घर जिथे, त्याच्या लिफ्ट तिथे. मेकॅनिक मंडळी आठवडाभर तोंडं फुगवून होती. मग संध्याकाळी उजेड असताना घरी पोचायला लागली, तशी बायकांनीच त्यांची समजूत काढली असावी.

पण सगळ्याची गाठ होती फोनवर. तिथे बसणाऱ्याला कुठला माणूस कुठे आहे हे ठाऊक हवं आणि खरं सांगण्याची हिंमत हवी. तशी एक मुलगी स्टोअरमध्ये होती. सुटे भाग मोजून द्यायचं काम. एकदा तिला मी एका सेक्रेटरीशी बोलताना ऐकलं: “आज नहीं आएगा. कल भी नहीं. परसों आएगा, परसों ही फ़ोन कीजिए.” आणि ठेवला फोन. ऑफिसात तिला उद्धट म्हणत. मी पुढे दोन-तीन वेळा मुद्दाम लक्ष ठेवलं. ती परवा म्हणाली की परवाच माल यायचा. मी मनात म्हटलं, ही आपली.

उरले भाईसाहब. त्यांना काढायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. लखनौचा माणूस फोनवर तक्रार करत नाही, चहाच्या दुसऱ्या कपाला करतो. सोसायट्या-सोसायट्यांत जाऊन तो दुसरा कप पिणारा, न बोललेलं ऐकून घेणारा माणूस मला हवा होता आणि तसा माणूस साऱ्या शहरात एकच होता. ते गेले असते तर निम्म्या सोसायट्या त्यांच्यासोबत गेल्या असत्या, कारण लोकांचं नातं कंपनीशी नव्हतं, त्यांच्या आवाजाशी होतं. ते फोनवर राहिले असते तर उरलेल्याही गेल्या असत्या. म्हणजे त्यांना फोनवरून उठवायचं आणि तरी राखायचं. हे जमलं तर ब्रँच टिकणार, नाहीतर आम्ही सगळेच दिवाळीत घरी.

मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे काय, कपाटाचा आडोसा. आडवळणं मला येत नाहीत, हिंदीत तर मुळीच नाही. सरळ सांगितलं की सोमवारपासून फोनवर स्टोअरमधली मुलगी बसेल, आणि तुम्ही रोज दोन-तीन सोसायट्यांत जायचं, बसायचं, बोलायचं, ऐकायचं आणि मला येऊन सांगायचं.

 आडोशातून त्यांचा फोन दिसत होता, ते तिकडे पाहत राहिले.

“आप राज़ी हैं?” मी विचारलं.

“आपने तो तय कर लिया है, मैडम.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “एक रात दीजिए. कल राज़ीनामा दे दूँगा.”

आणि उठून, खुर्ची होती तशी टेबलाखाली सरकवून, ते निघून गेले.

 इतकी वर्षं काढलेला माणूस एका वाक्यात राजीनामा देतो, आणि तोही इतक्या अदबीनं! रडारड केली असती, आवाज चढवला असता, तर मी हुज्जत घातली असती. आता कशाशी घालणार?

संध्याकाळी घरी येऊन मी कांदा असा चिरला की नवऱ्यानं स्वयंपाकघरात येऊन विचारलं, काय झालं.

“भाईसाहब राजीनामा देतायत.”

“मग ठेव ना त्यांना फोनवर,” तो म्हणाला. “त्या पोरीला शेजारी बसव. दोघंही खूश.”

“आणि लिफ्ट?”

“लिफ्टचं काय, बघू.”

“तूही देखते हैं म्हणायला लागलास का?” मी म्हटलं. “फोन त्यांना परत देणार नाही. आणि त्यांना जाऊ पण देणार नाही. मला दोन्ही हवंय.”

लेक बाहेरच्या खोलीत कानात गाणी घालून बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. तिनं कानातून एक बाजू काढून विचारलं, “खाना कब मिलेगा?” आणि परत घातली. त्या वेळी तिनं आमचं बोलणं ऐकलं असतं तर पुढचा तमाशा टळला असता. पण मग मी अमीनाबादला भाईसाहबांच्या घरी गेले नसते.

सकाळी ऑफिसच्या आधी मी तिकडे गेले. रिक्षावाल्यानं बाजाराच्या तोंडाशीच सोडलं, आत पायी. कपड्यांची दुकानं अजून उघडायची होती, शटरसमोर गठ्ठे उतरवले जात होते. पत्ता विचारला तर तीन जणांनी एकदम वाट दाखवली, वेगवेगळी. शेवटी एका जिन्यावरून वर गेले आणि दार उघडलं खुद्द भाईसाहबांनी. अर्ध्या गालाला दाढीचा फेस, खांद्यावर टॉवेल. मला पाहून त्यांना आधी कुठे लपावं ते कळेना. मग टॉवेलनं गाल पुसत म्हणाले, “आइए, आइए,” आणि आतल्या दिशेनं चहा सांगितला.

चहा येईपर्यंत थांबावं, हे लखनौत दोन वर्षं राहूनही मला जमलं नाही.

“भाईसाहब, आप राज़ीनामा नहीं देंगे. आप देंगे तो भी मैं लूँगी नहीं.”

ते बघत राहिले. “नहीं लेंगी?”

“बिल्कुल नहीं.”

“अच्छा.” त्यांनी विचार केला. “तो फ़ोन पर मैं ही बैठूँ?”

“नहीं. फ़ोन पर वो लड़की ही बैठेगी.”

“फ़ोन भी नहीं, राज़ीनामा भी नहीं.” ते हळूच खाटेवर टेकले. “फिर मैं करूँ क्या, मैडम?”

मला वाटलं, ते माझी थट्टा करतायत. माझा पारा चढला आणि रात्रभर मनात घोळवलेलं सगळं बाहेर पडलं, निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत. म्हटलं, तुम्ही त्या आजींशी तासभर खोटं बोललात. आणि त्याच तासात त्यांना तुम्ही सांभाळलंत, नाहीतर त्यांचं काय झालं असतं देव जाणे. मला तुमचं खोटं नको. सांभाळणं हवंय. तेच घेऊन लोकांच्या घरी जा, असं सांगतेय. त्यासाठी दुसरा माणूस माझ्याकडे नाही आणि मिळणारही नाही. आणि तुम्ही एका रात्रीत नोकरी सोडायला निघालात?

“नौकरी?” ते म्हणाले. “नौकरी कौन छोड़ रहा है?”

“आपने कहा ना, राज़ीनामा दूँगा.”

“हाँ. राज़ी हूँ, तो राज़ीनामा दूँगा.” आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. “मैडम, नौकरी छोड़ने को आप लोग राज़ीनामा कहते हैं?”

त्यांचे वडील कचहरीत, म्हणजे कोर्टात, मुंशी होते. त्यांच्या घरात राज़ीनामा म्हणजे दोन्ही बाजूंची कबुली, तंटा मिटल्याचा कागद. नोकरी सोडण्याला इस्तीफ़ा. शब्द एकच, आमच्याकडे येईपर्यंत उलटा झालेला. आणि मी बाई भल्या सकाळी एका माणसाच्या घरात घुसून त्याला बजावत होते की तू माझ्या म्हणण्याला कबूल व्हायचं नाहीस, झालास तरी मी ऐकणार नाही.

पडद्याआडून त्यांच्या बायकोचं हसू आधी आलं, मग चहा, मग दही-जलेबी. अति झालं आणि हसू आलं, त्यातली गत. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं.

निघताना भाईसाहब जिन्यापर्यंत आले. फेस सुकून त्यांच्या कानाशी पांढरा राहिला होता.

“इस्तीफ़ा भी ज़बान तक आया था रात को,” ते म्हणाले. “पर उस दिन घंटा भर मैं भी उसी लिफ़्ट में था, मैडम. हर झूठ पर लगता था, अब दम घुटेगा. फ़ोन आपने ले लिया, अच्छा किया.”

 मी नुसती मान हलवली आणि जिना उतरले.

घरी लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, “मम्मी, मुझसे पूछ लेतीं.”

सोमवारी स्टोअरमधली मुलगी फोनवर बसली आणि लगेच माझा फोन वाजायला लागला. सेक्रेटरी मंडळींच्या तक्रारी. लिफ्टच्या नव्हेत, तिच्या. लड़की बहुत रूखी है. दुआ-सलाम नाही, तब्येत विचारत नाही, सरळ सांगते चाळीस मिनिटं लागतील. मी प्रत्येकाला विचारलं, चाळीस मिनिटांत माणूस आला का? हो, तो आला. मग झालं तर. पण असं ‘झालं तर’ म्हणून लखनौत काही होत नाही, ते भाईसाहबांनाच करावं लागलं. ते एकेका सोसायटीत जात, दुसऱ्या कपापर्यंत थांबत आणि सांगत, “रूखी है, हुज़ूर, मगर सच्ची है. वह चालीस मिनट कहे, तो चाय उसी हिसाब से चढ़ाइए.” त्यांनी हे इतक्या ठिकाणी सांगितलं की लोक मेकॅनिकसाठी खरंच चहा ठेवायला लागले. आणि ज्या तक्रारी आम्हाला कधीच ऐकू आल्या नव्हत्या, त्या रोज संध्याकाळी माझ्या टेबलावर यायला लागल्या. कुठे दार दोनदा आपटतं, कुठे लिफ्ट वीतभर वर थांबते आणि म्हातारी माणसं अडखळतात.

दिवाळीच्या तोंडावर त्याच आजी परत अडकल्या. वीज गेली आणि लिफ्ट मधेच थांबली. मी ऑफिसात होते. मुलीनं फोन उचलला, आणि आजींचा आवाज मला लांबूनसुद्धा ऐकू येत होता. त्यांना भाईसाहब हवे होते.

“वो बाहर हैं,” मुलगी म्हणाली. “मैकेनिक पीछे वाली गली में ही है. दस मिनट. दरवाज़े से हटकर नीचे बैठ जाइए.” मग थोडं थांबून, जणू कुणी चिमटा काढल्यासारखी, म्हणाली, “पानी है आपके पास?”

माणूस पोचला, आजी बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी भाईसाहब त्यांना भेटायला गेले, तर त्यांनी मुलीबद्दल भरपूर गाऱ्हाणी सांगितली आणि तिच्यासाठी लाडू दिले. सेक्रेटरींनी त्या वेळी देखते हैं म्हटलं नाही. कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू झालं. पुण्याहून साहेबांचा फोन आला की ब्रँच राहू दे. मी म्हटलं, राहणारच होती.

परवा भाईसाहब माझ्या आडोशाशी आले. हातात घडी घातलेला कागद. मधल्या काळात त्यांच्या बायकोचं दुखणं वाढलंय, मुलगा दिल्लीला आहे, तो बोलावतोय. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी मी त्यांना बसा म्हणाले नाही, बसले की ते बोलणार म्हणून.

“यह आपवाला राज़ीनामा है, मैडम,” ते उभ्यानंच म्हणाले.

“नहीं लूँगी.”

“पिछली बार भी आपने यही कहा था.” ते हसले. त्यांच्या जागी कोण, हे मी विचारायच्या आधीच त्यांनी फोनकडे बोट केलं. “उसे भेजिए. सच तो बोलती ही थी, अब पानी भी पूछ लेती है. फ़ोन पर दूसरी रूखी ढूँढ लीजिए.”

बरोबर होतं. मी स्वतः निवडलं असतं तर तिलाच निवडलं असतं. माणूस योग्य जागी बसवायचा म्हणजे कधीतरी त्याला त्याच्या घरी जाऊ द्यायचं, हेही त्यातच आलं. हे मला कळत होतं आणि मला ते अजिबात नको होतं.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, माझ्याकडे सरकवला. “मैंने आपवाला दे दिया. अब आप हमारावाला दीजिए. राज़ी हैं?”

मी फोनकडे बघत राहिले. तिथे ती मुलगी कुणाला तरी सांगत होती, पंचवीस मिनिटं लागतील.

“एक रात दीजिए, भाईसाहब,” मी म्हटलं. “कल राज़ीनामा दे दूँगी.”